दिग्या, तुझी गिऱ्हाइकं

काल परत कुणीतरी आपल्या दुकानाला नेटवर पाच तारे दिले, दिग्या. खाली हात जोडल्याची चित्रं आणि "अंबाजोगाईनं एक रत्न गमावलं" असं वाक्य. नाव वाचलं तर ओळखीचं निघालं. हाच माणूस एकदा आपल्या पांढऱ्या भिंतीला चपलेचा पाय टेकवून बसला होता आणि चहा मिळत नाही म्हटल्यावर "मग दुकान कशाला मांडलंय" म्हणून उठून गेला होता. तुझ्या हातची कॉफी त्यानं कधी घेतली नाही. आता त्याला तुझी आठवण येते.

दुकानाचा फोन सध्या माझ्याकडं असतो. तो वाजला की मी पालथा ठेवतो. तू गेल्यापासून मला रडू कमी आणि किळस जास्त येते. लोक म्हणतात, रडून घे सुरेश, मोकळा हो. रडायला बसलो की यातल्याच कुणाचा तरी चेहरा समोर येतो आणि रडू आटून जातं.

तू असतास तर या सगळ्यांना उत्तरं लिहीत बसला असतास. चष्मा कपाळावर चढवून, एका बोटानं एकेक अक्षर शोधत, "आपण वेळ काढून लिहिलंत, आभारी आहोत." या एका वाक्यावरून आपण जेवढं भांडलो तेवढं दुसऱ्या कशावरून भांडलो नाही. कुणी लिहायचं, कॉफी कडू आहे. तू आभारी. कुणी लिहायचं, खेडवळ लोकांनी मोठ्या शहराची नक्कल करू नये. तरी तू आभारीच. मी म्हणायचो, "गिऱ्हाईक काय देव हाय का बे?"

"देव कशाला आसंल?" तू म्हणायचास. "देवाला कॉफी लागत न्हाई. माणूस हाय ते. तहानलेलं आसतं, थकलेलं आसतं, येताना गाडीत बायकूशी भांडलेलं आसतं."

"म्हणून त्यानं आपल्यावर थुंकावं?"

"थुकला तर पुसायचं."

हे तू बोलायचं म्हणून बोलत नव्हतास. एका दुपारी तसंच घडलं. चार-पाच जण आले, गाडी दारात आडवी लावली, कॉफी घेतली, तासभर मोठमोठ्यानं बोलले आणि गेले. मी टेबल आवरायला गेलो तर एका कपावर बशी पालथी घातलेली. बशी उचलली. आत गुटख्याची लाल पिंक, निम्म्या कपापर्यंत. तो कप तू खुर्ज्याच्या चिनीमातीच्या कारखान्यातून मागवलेल्या पांढऱ्या कपांतला. ते कप आले तेव्हा तू एकेक उजेडाकडं धरून पाहिला होतास, लहान पोराला धरावं तसा. मी तो कप बाहेर नेऊन दगडावर आपटणार होतो. तू माझ्या हातातून घेतलास. उकळतं पाणी, राख, मीठ, परत उकळतं पाणी. मी बघत उभा होतो.

"फेक ते," मी म्हणालो.

"गिऱ्हाइकाला आता ह्यातून देता यायचं न्हाई," तू म्हणालास. "मग मीच पीत जातो."

आणि तू खरंच त्याच कपातून पीत राहिलास. मला ते कधी पटलं नाही. आजही पटत नाही. तुला वाटायचं ही सहनशक्ती आहे. मला वाटायचं, त्या माणसाला हे कळलं तर तो हसेल आणि पुढच्या खेपेला दोन कप भरेल. हे भांडण तसंच राहिलं.

आपली ओळख वडवणीच्या वसतिगृहातली. तुझे आई-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि तू तिथं राहायचास. माझ्या वडलांचं अंबाजोगाईत देवळाच्या रस्त्यावर चहाचं हॉटेल होतं, घरात कुणाला वेळ नव्हता, म्हणून मीही तिथंच. दहावीनंतर तू टोळीबरोबर कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलास. टोळी परत आली, तू आला नाहीस. तुझी आई माझ्या वडलांना विचारायला यायची, "भाऊ, काही कळलं का?" काही कळायचं नाही. मग कळलं की तू बंगळुरात एका कॉफीच्या दुकानात कप विसळतोस. मग कळलं की मशीन चालवतोस. आणि मग एक दिवस टेम्पोत मशीन घालून तूच आमच्या हॉटेलापुढं उतरलास.

माझे वडील तुझी पहिली कॉफी प्यायले तेव्हा तू घाबरला होतास. दूध नाही, साखर नाही, कागदाच्या गाळणीतून हळूहळू पाणी सोडून केलेली. त्यांनी तोंड वाकडं केलं. "कडू हाय," म्हणाले. आणि थोड्या वेळानं म्हणाले, "उद्या परत कर." त्या उद्यावर आपलं दुकान उभं राहिलं. भट्टीची जागा तुझ्या मशीनला गेली, माझी भज्यांची कढई तेवढी राहिली. पाटीवर तू नुसतं 'कॉफी' लिहून घेतलंस. मी म्हणालो, नाव तरी टाक. तू म्हणालास, "हेच नाव हाय की."

देवीला येणारी पुण्या-मुंबईची कुटुंबं आधी आली. कुलदैवत म्हणून वर्षातून एकदा यायचं, परळी उरकून यायचं, हत्तीखान्याची लेणी बघून पाय दुखवून घ्यायचे, आणि मग आपली पाटी दिसली की ओरडायचं, "अगं, इथं चक्क कॉफी." त्या 'चक्क'चा मला राग यायचा. तुला हसू यायचं. एका बाईनं टेबलावर बाळाचं डायपर बदललं आणि ते तसंच गुंडाळून साखरेच्या डब्यामागं ठेवून गेली. तिनं वर लिहिलं, जागा स्वच्छ असायला हवी होती. तू आभारी आहोत असं उत्तर दिलंस.

आणि तो कॅमेरेवाला. त्यानं तुला विचारलं, "हे कुठं शिकलात?"

"बंगळुरात, साहेब."

"आणि त्याआधी?"

"ऊस तोडत होतो."

त्याचे डोळे चमकले. त्यानं तुला दारात उभं केलं, हात पुढं धरायला लावले, तळवे दाखवा म्हणाला. मग इकडं-तिकडं पाहून मला म्हणाला, "एखादा कोयता मिळेल का? दोन मिनिटांसाठी." मी भज्याच्या कढईपाशी होतो. हातात झारा होता, तेल तापलेलं होतं. तू माझ्याकडं पाहिलंस, नको म्हणून मान हलवलीस आणि त्याला म्हणालास, "कोयता न्हाई साहेब, चमचा हाय. चालंल का?" चमचा धरून फोटो काढून घेतलास. तो गेल्यावर म्हणालास, "त्याच्यामुळं चार माणसं येतील." तेवढी आलीही. सगळ्यांनी आधी तुझे हात पाहिले, मग कॉफी मागितली.

सगळीच अशी होती असं म्हटलं तर तू मला वरून हाणशील. सरकारी दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले लोक यायचे. काही न घेता पंख्याखाली बसायचे. तू त्यांना कधी उठवलं नाहीस. सिरसाळ्याचे एक आजोबा होते, मुलगा आत भरती होता, ते रोज येऊन कोपऱ्यात बसायचे. एकदा त्यांनी लाजत विचारलं, "कमी कडू आसती का?" दूध-साखरेवरून माझ्याशी वाद घालणारा तू, त्यांना गूळ घालून, दूध आटवून, पेला भरून कॉफी करून दिलीस. मी तुला चिडवलं. "हे बी गिऱ्हाईकच हाय," म्हणालास. मुलगा बरा झाला आणि ते न सांगता गेले. तू बरेच दिवस त्या कोपऱ्याकडं बघायचास. तुझ्याकडून मला काय मिळालं ते सांगायचं तर हेच सांगेन, की माणूस दारातून आत आला की त्याच्या पायांकडं न बघता तोंडाकडं बघायला तू मला शिकवलंस. मला ते नीट जमलं नाही. पण शिकवलंस.

आपल्या गावचे लोक नंतर आले, आणि आले ते अध्यक्षांमुळं. कसल्या मंडळाचे अध्यक्ष ते कुणी विचारायचं नाही. सगळे त्यांना अध्यक्षच म्हणतात. त्यांना तुझी कॉफी आवडली. रोज संध्याकाळी यायचे, सोबत पाच-सहा पोरं. तू त्यांच्यासाठी कडेचं टेबल राखून ठेवायचास. मग जिल्ह्याची हवा बिघडली. कोण कुणाच्या दुकानात जातं, कोण कुणाच्या रिक्षात बसतं, यावर लोक नजर ठेवायला लागले. एका संध्याकाळी अध्यक्षांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "दिगंबरराव, तुमचं पूर्ण नाव काय?"

"दिगंबर."

"पुढं?"

"पुढं कॉफी हाय. अजून एक घेता का?"

पोरं हसली. अध्यक्ष हसले नाहीत. इतकी वर्षं तू बाहेर राहिलास, बायको सोडली तर गावात तुझे कुणी नातलग नाहीत, पाटीवर नाव नाही. त्यांना कळेना तू कुणाचा. आणि कळेना म्हणजे समोरच्यांचा, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या सगळ्या माणसांच्या फोनवर आलं की ते दुकान त्यांचं आहे, आपल्या माणसांनी तिथं पाय ठेवू नये. गंमत अशी की समोरच्यांच्या फोनवरही तेच फिरलं. तेही तुला अध्यक्षांचाच माणूस समजत होते, रोज टेबल राखून ठेवायचास म्हणून. दोन्हीकडची माणसं एकाच आठवड्यात यायची बंद झाली. रस्त्यात भेटली तर बोलायची, चांगलं बोलायची. एकजण म्हणाला, "तुमची कॉफी लई भारी हाय, पर आता काय करता."

"पाटीवर आडनाव टाक," मी म्हणालो. "बे, निदान एका बाजूचे तरी येतील."

"अन् दुसऱ्या बाजूच्यानं काय करावं?"

"त्यानं त्याच्या आडनावाचं दुकान बघावं."

तू मशीन पुसत होतास. थांबलास. "फडावर बी टोळ्या आडनावानंच पडत होत्या, सुऱ्या," म्हणालास. "ह्यांची खोपी इकडं, त्यांची तिकडं. पाण्याचा टँकर आला की आधी आडनाव. तिथून पळालो ते कशापायी पळालो मग?"

आपण परत त्यावर बोललो नाही. उरले ते बाहेरगावचे, देवीला येणारे.

आणि त्यांच्याच समोर तू पडलास.

सुट्टीचा रविवार होता. सगळी टेबलं भरलेली. तू दुधाचं भांडं वाफेखाली धरलं होतंस. मी तुझ्याकडं पाठ करून सँडविच कापत होतो. भांडं पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर तू काउंटरमागं खाली बसलेला, एक हात छातीवर, दूध अंगभर. "काही न्हाई," म्हणालास, आणि कलंडलास.

त्यानंतरचं मी कुणाला सांगितलेलं नाही. कुसुमवहिनीला पण नाही. तुला सांगतो. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी ओरडत होतो, गाडी बघा, कुणीतरी गाडी काढा. एक माणूस उठला. मला वाटलं येतोय. त्यानं फोन वर धरला आणि तुझ्यावर रोखला. एक जण बायको-मुलांना घेऊन सरळ बाहेर पडला. आणि काउंटरपाशी उभी असलेली एक बाई, चांगल्या घरची, चांगल्या साडीतली, वाकून मला म्हणाली, "आमच्या दोन कॅपुचिनोंचं काय झालं?"

मी तिच्याकडं पाहत राहिलो. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिनं परत विचारलं.

बाहेर गाड्यांपाशी एक ड्रायव्हर उभा होता. तो पळत आत आला. त्यानं तुझे पाय धरले, मी खांदे. त्याचा मालक मागून म्हणाला, "अरे, दुधानं सीट खराब होईल." ड्रायव्हरनं दार उघडलं, तुला आत घेतलं आणि दवाखान्यापर्यंत एकदाही हॉर्नवरचा हात काढला नाही. मला तिथं सोडून तो मालकाकडं परत गेला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. नोकरी राहिली की नाही तेही माहीत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, येतानाच गेलेले होते.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. कुसुमवहिनीला अजून फोन केला नव्हता. तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. एक तारा. "सेवा अत्यंत निष्काळजी. ऑर्डर देऊन अर्धा तास थांबलो. मालकाची तब्येत बिघडली, समजू शकतो, पण दुसरा माणूस ठेवायला नको का? कॉफी मिळालीच नाही." खाली त्या बाईचा फोटो. तीच साडी.

तू कधी लिहू दिलं नसतंस असं बरंच काही माझ्या बोटांत आलं. पण मी दोनच शब्द लिहिले. मालक वारले.

घरी पोचेपर्यंत तिनं आपलं लिहिणं बदललं होतं. पाच तारे. "अतिशय गोड माणूस. त्यांच्या हातची ती कॉफी आम्ही कधीच विसरणार नाही."

दिग्या, एक तारा मला सहन झाला असता. तिला कॉफी मिळाली नव्हती, ते तरी खरं होतं. हे पाच तारे मला सहन होत नाहीत. तिनं तुझी न प्यायलेली कॉफी पिऊन टाकली. तिच्यानंतर रांगच लागली. तो कोयता मागणारा आला, त्यानं चमच्याचा फोटो परत टाकला, खाली लिहिलं 'कष्टाचं सोनं', आणि त्यावर कुणीतरी रडकं गाणं घातलं. मी एकालाही उत्तर दिलेलं नाही. देणारही नाही.

अंत्यविधी तुझ्या गावाकडं झाला आणि तिथं तुझं आडनाव सगळ्यांना कळलं. अध्यक्षांनाही कळलं. ते त्यांच्याच आडनावांतलं निघालं. तिसऱ्या दिवशी आपल्या दुकानावर फ्लेक्स लागला, अख्खं शटर झाकणारा. भावपूर्ण श्रद्धांजली. तुझा फोटो कोपऱ्यात, अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो मधोमध, आणि तुझं नाव आडनावासकट, ठळक. तू आयुष्यभर जे पाटीवर येऊ दिलं नाहीस ते तुझ्या शटरवर चढलं. मी खाली उभा राहून वर पाहत होतो. थुंकावंसं वाटत होतं आणि तोंड कोरडं पडलं होतं.

कुसुमवहिनी रिक्षातून उतरली. तिनं वर पाहिलं. शेजारच्या दुकानातून स्टूल मागून आणलं, चढली, दोऱ्या सोडल्या आणि फ्लेक्स खाली घेतला. पोरं धावत आली. "वहिनी, ते अध्यक्षांनी लावलंय."

"चांगलं जाड हाय," ती म्हणाली. "शेळ्यांच्या खोपीवर टाकते." आणि घडी घालून रिक्षात ठेवला.

माझा विचार दुकान बंद करायचा होता. मी तिला तसं सांगितलं. मला आता कुणाला काही प्यायला द्यायची इच्छा उरलेली नाही, म्हणालो. ती म्हणाली, "मला ती कॉफी करपल्यावानी लागती भावजी. पर मला ती करता येती. त्यांनी घरी शिकवलीय." तू हे मला कधी सांगितलं नव्हतंस. मग तिनं करून दाखवली. तुझ्यासारखी नाही. थोडी घाईची, थोडी जास्त कडक. पण पिण्यासारखी.

तुझं दहावं-तेरावं झाल्यावर दुकान उघडलं. ती मशीनपाशी, मी कढईपाशी. बाहेरगावचे येत होते, जात होते. संध्याकाळी अध्यक्ष आले. सोबत पोरं. तुझ्या फोटोपुढं हात जोडले, डोळे मिटले, मग कडेच्या टेबलावर जाऊन बसले. वहिनीनं कॉफी दिली. एक घोट घेऊन ते म्हणाले, "वहिनी, आता काही भ्यायचं कारण न्हाई. दुकान आपलं हाय. आपली सगळी माणसं इथंच येतील, शब्द देतो. पाटी तेवढी बदलून घेऊ. दिगंबररावांचं पूर्ण नाव टाकू."

वहिनीनं हात पुसले. "ते आसतानी तुमी येत न्हवता."

"तवा आमाला ठावं न्हवतं, वहिनी. गैरसमज झालता."

"काय ठावं न्हवतं?"

अध्यक्ष पोरांकडं पाहून थोडे हसले. "की ते आपलेच हायत."

"म्हंजी आपले नसते तर?"

"आता ते जाऊ द्या ना, वहिनी."

"जाऊ देते," ती म्हणाली. "तुमी बी जा."

तिचा आवाज चढला नव्हता. मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. अध्यक्षांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते बसून राहिले. मग तिनं पुढं होऊन त्यांच्यापुढचा कप उचलला, भरलेलाच, आणि मोरीत ओतला. शेजारच्या टेबलावरचं पुण्याचं कुटुंब खाली मान घालून बसलं. अध्यक्ष उठले. दारात थांबून माझ्याकडं पाहिलं, मी मध्ये पडेन म्हणून. मी भजी उलटत राहिलो.

पुढं ते काय करतील मला माहीत नाही. फोनवर काहीतरी फिरेल. दोन्हीकडची माणसं परत बंद होतील, कदाचित यावेळी काचही फुटेल. तू असतास तर त्यांच्यामागं रस्त्यापर्यंत गेला असतास, हात जोडले असतेस, माणूस हाय म्हणाला असतास, आणि घरी येऊन वहिनीवर चिडला असतास. आणि मी नेहमीसारखा तुझ्याशी भांडलो असतो, नेहमीसारखा एकटा पडलो असतो. यावेळी मी एकटा नाही, दिग्या. त्या संध्याकाळी तू गेल्यापासून पहिल्यांदा मला नीट भूक लागली. कढईतलीच चार भजी उभ्या-उभ्या खाल्ली आणि मग मला रडू आलं.

तुला हे पटणार नाही, माहीत आहे. आता तिच्याशी भांड.